मदत हवी आहे: अल्ब्युमिनच्या बाटलीत फेस होऊन ड्रिप अडते

जलोदराचं, म्हणजे पोटात साचलेलं, पाणी ५ लिटरपेक्षा जास्त काढलं की दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) शिरेतून द्यायचं, यावर वाद नाही. ८ लिटर काढले तर २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या तीन बाटल्या, म्हणजे ६० ग्रॅम.

अडचण पुढे आहे. बाटली काचेची, त्यामुळे हवेची वाट असलेला सेट लागतोच. नाहीतर आत पोकळी तयार होते आणि थेंब थांबतात. पण हवा आत गेली की बुडबुडे द्रावणातून वर चढतात आणि वर पिवळसर फेसाचा थर साचतो. तो ड्रिप चेंबरमध्ये (बाटलीखालची, थेंब पडताना दिसतात ती कुपी) उतरला की थेंब मोजणं अशक्य. बाटली हलवलेली असेल तर आणखीच वाईट.

चेंबर आधी किती भरून घेता? फ्रिजमधली बाटली लावण्याआधी किती वेळ बाहेर ठेवता? इन्फ्युजन पंपावर (ठरावीक वेगाने औषध देणारं यंत्र) दिल्याने हवेचा अलार्म सारखा वाजतो का? उघडलेली बाटली ४ तासांत संपवायची असते, त्यामुळे फेस बसेपर्यंत थांबायला फार वाव नाही.

कृपया डिस्टिल्ड वॉटरने पातळ करा असं कोणी सुचवू नका. त्याने तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडावर बेतू शकतं. पातळ करायचंच तर सलाइन.