बुद्धिबळात मदत हवी आहे: कार्पोव-कोर्चनोई १९७४, ड्रॅगनमधली २४.ई५ ही चाल

राजारामपुरीकर:
रविवारी मुलांच्या सरावात कार्पोव-कोर्चनोई (मॉस्को, १९७४, कँडिडेट्स फायनल म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी अंतिम लढत, तिचा दुसरा डाव) घ्यायचा आहे. कार्पोव पांढरा. सुरुवात सिसिलियन ड्रॅगन (काळ्याचा उंट जी७ वर), त्यावर पांढऱ्याचा युगोस्लाव हल्ला. २३...उंट सी६ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) नंतर घोड्यानं एफ६ मारून शह, काळ्यानं ई-प्याद्यानं परत मारलं की दुसरा घोडा एच५ वर. तो घोडा जी-प्याद्यानं मारला तर हत्ती जी१ शह, पुढं मात. मग कार्पोवनं आधी २४.ई५ हे प्यादं का सारलं? संगणकावरचं इंजिन नुसता आकडा दाखवतंय. आणि काळ्याचं नक्की कुठं चुकलं?

पंचगंगाकाठ:
भावा, ए५ वरचा वजीर विसरलास! घोडा एच५ वर आला की काळा वजीर जी५ वर, आणि तोही शहासकट, कारण पांढरा राजा सी१ वर आणि सी१ ते जी५ तिरकी रेघ मोकळी झालेली असते. वजिराला वजीर जातो. नंतर घोडा एफ६ वर शह देऊन ई८ चा हत्ती उचलता येतो, पण काळा उंटानं परत मारतो. हत्तीला उंट, वर काळ्याची दोन प्यादी जास्त. हल्ला संपला. ई५ नं पाचवी ओळच बंद केली. आता ...डी-प्याद्यानं ई५ मारलं तर तुझीच योजना चालते, कारण काळ्याचं स्वतःचं प्यादं वजिराच्या वाटेत. खासबागेत कुस्त्या बघणाऱ्याला सांगायला नको: आधी हात अडकवायचा, मग डाव.

शाहूपुरी६४:
वरचं बरोबर. चुकीबद्दल: १६...वजीर ए५ पेक्षा १६...हत्ती ई८ चांगली. मग उंट एच६ ला उंट एच८ हे उत्तर देता येतं. हत्ती एफ८ वरच असेल तर तसं केल्यावर तो उंटाच्या तोंडी जातो, म्हणून डावात उंटांची मारामारी झाली आणि पांढरा वजीर फुकट एच६ वर बसला. जी७ चा उंट गेला की ड्रॅगनमध्ये उरतं काय?

मुलांना १८व्या चालीनंतरची मांडणी लावून द्या आणि इंजिन बंद ठेवा. पहिला प्रश्न: एफ६ चा घोडा हलला तर काय? वजीर एच७ शह, राजा एफ८, वजीर एच८ मात. १९.हत्ती डी३ त्यातूनच समजते: सी३ ला आधार मिळाला, ई२ चा घोडा मोकळा झाला. २१.हत्ती डी५ मात्र सावकाश घ्या. तिथं आधी घोडा डी५ खेळला तर काळा हत्ती त्यालाच मारतो आणि एफ६ वर चालून जाणारा घोडाच संपतो. बरीच मुलं तिथंच अडकतात.