मदत हवी आहे: प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मार्जिन पॉझिटिव्ह (कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी), रेडिएशन लगेच की पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) बघून?

वडील ६६ वर्षांचे, ऑपरेशन मुंबईतच झालं. रिपोर्ट: ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) ४+३=७, म्हणजे पाचपैकी ग्रेड ग्रुप ३. स्टेज पीटी३ए, म्हणजे कॅन्सर प्रोस्टेटच्या कडेबाहेर पोचलेला. सेमिनल व्हेसिकल्स (प्रोस्टेटमागच्या वीर्यपिशव्या) आणि लिम्फ नोड्स (लसिका गाठी) स्वच्छ. एपेक्सला (प्रोस्टेटच्या खालच्या टोकाला) मार्जिन पॉझिटिव्ह, पण किती मिलिमीटर आणि तिथे ग्लीसनचा पॅटर्न ३ आहे की जास्त आक्रमक ४, हे लिहिलेलंच नाही. नेमकं तेच हवं होतं! ३ मिमीच्या आत आणि पॅटर्न ३ असेल तर धोका कमी धरतात.

आठ आठवड्यांनी पीएसए ०.०३ आलाय. एक डॉक्टर म्हणतात, लगेच रेडिएशन घ्या. दुसरे म्हणतात, दर तीन महिन्यांनी पीएसए करा, लागोपाठ दोनदा ०.२ च्या वर गेला तर द्या, पण ०.५ व्हायची वाट बघू नका. मला दुसरं पटतं. रॅडिकल्स ट्रायलमध्येही (लगेच रेडिएशन आणि पीएसए वाढल्यावर रेडिएशन यांची तुलना करणारा अभ्यास) लगेच रेडिएशन दिल्याचा फायदा दिसला नाही, उलट लघवीचे त्रास वाढले. बाबांना लघवी गळते म्हणून अजून दिवसाला दोन पॅड लागतात, त्यामुळे घाई नकोशी वाटते.

परळच्या टाटामध्ये ऑपरेशनच्या स्लाइड्स (पेशींच्या काचपट्ट्या) पुन्हा तपासून घ्यायच्या आहेत. नुसत्या स्लाइड्स चालतात की पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेले मूळ तुकडे) न्यावे लागतात? मार्जिनची लांबी आणि पॅटर्न लिहून द्या असं सांगावं लागतं का? पीएसए एकाच लॅबमध्ये करतोय, कारण लॅब बदलली की आकडा हलतो. आणि ०.२ ला पीएसएमए पेट स्कॅन (शरीरात प्रोस्टेट कॅन्सर कुठे आहे ते शोधणारा) बरेचदा कोराच येतो, मग तुमच्या डॉक्टरांनी स्कॅनसाठी रेडिएशन थांबवलं होतं का?