आय-सेव्हन म्हटल्यावर प्रश्नच मिटला ना?

*सोसायटी ग्रुप, शनिवार संध्याकाळ*

बी-४०२: नमस्कार मंडळी. ग्रुपचा विषय नाही, तरी विचारतो. चिरंजीवांची सीईटी संपली, आता त्यांना गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय. ५० हजार कबूल केलेत, मॉनिटर घरात आहे. मला ऑनलाइन एक दिसला. 'आय-सेव्हन गेमिंग पीसी', १६ जीबी रॅम, काचेचा डबा, आत रंगीबेरंगी दिवे, १९ हजार फक्त. हे महाशय त्याच्याकडे बघायलाही तयार नाहीत. १९ हजारांत भागत असेल तर ५० का घालवायचे, कोणी सांगेल का?

ए-१०१ काका: आय-सेव्हन आहे ना? डोळे झाकून घ्या. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये थ्री, फाइव्ह, सेव्हन असा चढता क्रम असतो. आमच्या ऑफिसात फक्त साहेबांना आय-सेव्हन मिळायचा.

सी-७०३ ताई: काका, जरा डोळे उघडून घेऊ या 😄 दादा, जाहिरातीत आय-सेव्हनच्या पुढे कुठला आकडा लिहिलाय?

बी-४०२: ३७७०

सी-७०३ ताई: त्यातला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. हा प्रोसेसर २०१२ चा आहे. तुमचे चिरंजीव तेव्हा बालवाडीत डबा सांडत असतील. ऑफिसांनी लॉटमध्ये काढून टाकलेली मशीनं असतात ही. आतला माल तोच, डबा आणि दिवे नवे. रॅमही जुन्या डीडीआर-३ जातीची, म्हणजे पुढे नव्या मशीनला ती लागणारही नाही. इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. २०२२ चा आय-थ्री १२१०० घेतला तरी तो या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे हात, दोघांचे चारच.

ए-१०१ काका: आय-थ्री सेव्हनच्या पुढे? म्हणजे शिपाई साहेबांच्या पुढे!

सी-७०३ ताई: साहेब रिटायर झालेत काका, शिपाई ड्युटीवर आहे.

ए-१०१ काका: 😐

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते १२ टाकीची सफाई. पाणी भरून ठेवावे.

डी-२०४: किती वाजता?

सेक्रेटरी: वर लिहिलंय.

बी-४०२: ताई, मी मुलगा बोलतोय, बाबांच्या फोनवरून. मी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर ठरवलाय. मित्र म्हणतो इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ घे. आणि दुकानवाला म्हणतो ५६०० नाहीये, ५६००जी घेऊन जा, तेच आहे.

सी-७०३ ताई: तेच नाहीये! जी म्हणजे प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स, स्क्रीनवर चित्र काढणारा भाग. त्या बदल्यात कॅश मेमरी अर्धी होते, ५६०० ला ३२ एमबी आणि जीला १६. गेममध्ये त्याच त्या गोष्टी प्रोसेसरला सारख्या हाताशी लागतात. कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे माळ्यावरचे डबे. डबा लहान असला की दर फोडणीला स्टुलावर चढायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ताच घेणार असशील तर जीचा तुला काही उपयोग नाही.

ई-६०१: आणि एफवाल्यांनी आमचा किस्सा ऐका. गेल्या दिवाळीत भाच्याने १२४००एफ आणला. कार्ड नंतर घेऊ म्हणाला. जोडलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी ती काळीच. एचडीएमआयच्या तीन केबल बदलल्या, शेजारचा मॉनिटर आणला, मिसेसने नारळ फोडायचा राहिला म्हणून नारळ फोडला. दोन दिवसांनी कळलं, एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नसतं. मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग बसतात त्या पाटीला, एचडीएमआयचं भोक मात्र होतं हो! दुकानदार विकताना अवाक्षर बोलला नाही.

सी-७०३ ताई: 😂 ते भोक आतलं ग्राफिक्स असेल तरच कामाचं. साध्या ५६०० चंही तेच, कार्डाशिवाय चित्र नाही.

बी-४०२: मग ५६०० की १२४००एफ?

सी-७०३ ताई: दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे, म्हणजे एका वेळी बारा कामं. खेळताना तुला फरक कळणार नाही. यावर दोन-दोन तासांचे व्हिडिओ बघू नकोस. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तिन्हींचा एकत्र भाव काढ आणि स्वस्त पडेल ते उचल. ५६०० घेतलास तर मदरबोर्ड बी५५० चा बघ. बी४५० चा जुना माल देत असतील तर बायोस, म्हणजे बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करूनच घे, नाहीतर तो ५६०० ला ओळखही दाखवणार नाही.

बी-४०२: मी बाबा. ५६०० ज्यात बसतो तो एएम-४ सॉकेट संपत आलाय म्हणे? नव्या एएम-५ सॉकेटचा रायझन ७६०० घेतला तर पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल ना?

सी-७०३ ताई: येईल. हातात ७० असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण एएम-५ ला डीडीआर-५ रॅमच लागते आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते बघताय ना. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी पळवली, भुर्दंड आपल्याला. त्या भविष्यापायी आज कार्ड हलकं घ्यावं लागेल आणि गेम कार्डावर चालतात. पन्नासात प्रोसेसर दहाच्या आसपास, कार्डाला वीस-बावीस ठेवा. आणि डब्यासोबत फुकट येणारा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, नको. तो गेला तर सगळ्यांना घेऊन जातो.

सी-७०३ ताई: आणि हो, मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवतो?

बी-४०२: ऑफिसचा जुना. मागे ६० लिहिलंय.

सी-७०३ ताई: मग प्रोसेसरने सेकंदाला दोनशे फ्रेम, म्हणजे चित्रं, काढली तरी दिसणार साठच. भारी प्रोसेसरचा विचार इथेच संपतो. पुढच्या वाढदिवसाला मॉनिटर.

बी-४०२: वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे 🙄

एफ-३०२: मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर उद्या जाऊ नका, रविवारी बहुतेक दुकानं बंद. डोंबिवलीहून दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडा, ग्रँट रोड. आणि प्रोसेसर बॉक्सपीसच, म्हणजे सीलबंद खोक्यातलाच, मागा. ट्रेचा, म्हणजे सुटा, स्वस्त देतात, पण त्यात कूलर नाही आणि बॉक्सची तीन वर्षांची वॉरंटीही नाही.

बी-४०२: फोनवर एकजण म्हणाला, बिल नको असेल तर कमी करतो.

एफ-३०२: १८ टक्के जीएसटी वाचवायचा आणि दीड वर्षाने कपाळाला हात. बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या.

सी-७०३ ताई: जोडताना मला हाक मारा. एएम-४ च्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. मी एकदा सफाईला कूलर सरळ ओढला, दोघांच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून वर आला. चार पिना वाकल्या. एटीएम कार्डाच्या कडेने एकेक सरळ करत रात्रीचे दोन वाजले. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करून वायर काढायची, मग कूलर अलगद डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. दुधाच्या पातेल्याला चिकटलेलं झाकण काढतो तसं.

सेक्रेटरी: मंडळी, बाकीचं पर्सनलवर घ्यावे. टाकीची सूचना वर गेली.

डी-२०४: किती वाजता म्हणालात?

*मंगळवार रात्र*

बी-४०२: आणला. ५६००, बॉक्सपीस, बिलासकट, बी५५० बोर्ड. रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या म्हणत होतो, भाव ऐकून ८ च्या दोन घेतल्या. एकूण ५१,४००. वरचे चौदाशे चिरंजीवांच्या पॉकेटमनीतून. ताई, शनिवारी संध्याकाळी जमेल का? हिच्या हातची मिसळ आहे.

सी-७०३ ताई: मिसळ म्हणालात की जमलंच 😄 तोवर बॉक्स उघडू नका. पिनांना बोट लावायचं नाही, चिरंजीवांना सांगा.

ए-१०१ काका: ताई, तो १९ हजारवाला मला बरा दिसतोय. बँकेची कामं, मुलीशी व्हिडिओ कॉल आणि थोडे पत्ते. मी कुठे गेम खेळणार?

सी-७०३ ताई: काका, बँकेची कामं त्यावर तर अजिबात नको. सिक्युरिटीचे नेहमीचे अपडेट बंद झालेत.

ए-१०१ काका: बरं. मग त्या दिवशी जी म्हणालीस, आतच ग्राफिक्सवाला. त्याला कार्ड लागत नाही ना?