जावातल्या वर्गांत दोन भाषा का चालतात

कुणीतरी लिहिलंय की इंडोनेशियात शिकवण्याचं माध्यम इंडोनेशियनच, त्यामुळे प्राथमिक वर्गात स्थानिक भाषेला जागाच नाही. अर्धंच बरोबर आहे. 2009 चा 24 क्रमांकाचा कायदा इंडोनेशियन सक्तीची करतो खरा, पण 2003 च्या शिक्षण कायद्याचं कलम 33 सुरुवातीच्या टप्प्यात, गरज पडल्यास, प्रादेशिक भाषा वापरायला मोकळीक देतं. मध्य जावात पहिली-दुसरीचे शिक्षक ती सर्रास घेतात.

चर्चेत एक मुद्दा राहिलाय. जावानीजमध्ये, म्हणजे जावाच्या स्थानिक भाषेत, बोलण्याचे स्तर आहेत. मुलं आपसात 'न्गोको', म्हणजे बरोबरीच्यांशी बोलायचा साधा स्तर, बोलतात, पण शिक्षकांशी न्गोकोत बोलणं उद्धटपणा, आणि आदराची 'क्रामा' बऱ्याच मुलांना धड येत नाही. म्हणून मूल एक तर इंडोनेशियनकडे वळतं, नाहीतर गप्प बसतं. ही गप्प मुलं सामूहिक उत्तरांत झाकली जातात. बाई स्वर चढवत "ओक्सि…" म्हणून थांबतात, वर्ग "…गेन!" म्हणून शब्द पुरा करतो. "सुदाह पाहाम?" म्हणजे समजलं का, असं विचारलं की "सुदाह, बू!" म्हणजे समजलं, बाई, असं एका सुरात येतं. यातून कुणाला काय कळलं ते अजिबात समजत नाही. त्यापेक्षा एकेकाला नावाने विचारावं, चार-पाच सेकंद थांबावं, उत्तर न्गोकोत आलं तरी न रागावता घ्यावं, मग तेच पूर्ण इंडोनेशियन वाक्यात म्हणून दाखवावं आणि त्याच मुलाकडून वदवून घ्यावं. शेवटची पायरीच घाईत गळते, आणि मग तिसरी-चौथीतही मुलं एका शब्दातच उत्तरं देत राहतात.