मदत हवी आहे: जुन्या दोन टबांच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरत नाही, मोटर बदलावी की सील?

नमस्कार मंडळी,

१९९६ साली आईने घेतलेले दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन आमच्या घरात अजून वापरात आहे. धुण्याचा भाग उत्तम चालतो. तक्रार आहे ती ड्रायरची. (ड्रायर हा शब्द मी आपल्याकडच्या अर्थाने, म्हणजे कपडे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या लहान टबासाठी वापरतो आहे, गरम हवेचा इथे काही संबंध नाही.) दिवाळीपासून टायमर फिरवला की नुसता ‘घूं’ असा आवाज येतो आणि टब जागचा हलत नाही. कधी सुटलाच, तर पूर्वीचा वेग न घेता रेंगाळत फिरतो. दोनेक मिनिटांत मोटर तापून जळकट वास येऊ लागल्यामुळे तो भाग वापरणे मी आता बंद केले आहे.

पहिल्या मेकॅनिकने कंडेन्सर (मोटर सुरू होऊन फिरायला मदत करणारा विजेचा भाग) बदलला, त्यावर पंधरा दिवस बरे गेले. दुसऱ्याने तोच पुन्हा बदलला. तिसऱ्याने मशीन न उघडताच ‘आता भंगारात द्या’ असा सल्ला दिला आणि येण्याचे पैसे घेतले. मूळच्या कंडेन्सरवर ५ मायक्रोफॅरड (हे त्याच्या क्षमतेचे माप) असे छापलेले होते, तर सध्या बसवलेल्यावर ८ आहे. वीज जुळावी म्हणून मोठा टाकला, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. ते मला तेव्हाही पटले नव्हते.

शेवटी प्लग काढून मागचे झाकण मीच उघडले. ड्रायरच्या मोटरच्या माथ्यावर गंजाचे ओघळ आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार साचलेले आहेत. टबाच्या बुडाशी दांड्याभोवती असलेले घडीदार रबरी सील कडक झाले असून त्याला एके ठिकाणी चीर गेली आहे. ड्रायरचे झाकण बंद ठेवून, म्हणजे ब्रेक सुटलेला असताना, मागून कपलिंग (टबाचा दांडा मोटरला जोडणारा सांधा) हाताने फिरवले तर ते जड फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी अडखळते. मोटरखालच्या तीन स्प्रिंगांपैकी एकीची रबरी टोपी पूर्ण विरली आहे.

मशीन टाकून द्यायचे नाही, ते केवळ आईच्या आठवणीसाठी नव्हे. आमच्याकडे पाणी दिवसाआड येते. पांढऱ्या कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात रंगीत कपडे आणि शेवटी पायपुसणी धुण्याची सोय या यंत्रात आहे; बादलीने पाणी ओतूनही ते चालते. शिवाय दोन्ही टबांना स्वतंत्र मोटर असल्याने एक बिघडली तरी दुसरीचे काम अडत नाही. तेव्हा आधी मोटर बदलावी की सील, अडखळण्याचे मूळ नक्की कुठे असावे आणि इतक्या जुन्या मशीनचे सील मिळण्यासाठी काय माप न्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सील आधी. मोटर बदलली आणि सील तसेच ठेवले, तर नवी मोटरही त्याच वाटेने जाईल, कारण तुमचे मूळ दुखणे विजेचे नसून पाण्याचे आहे. या रचनेत ड्रायरचा टब एका उभ्या दांड्यावर असतो आणि तो दांडा बुडातून आरपार जाऊन थेट खालच्या मोटरला जोडलेला असतो. मध्ये पट्टा नाही, गिअर नाही. म्हणूनच टब मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेऊ शकतो, पण म्हणूनच सील फाटले की गळणारा प्रत्येक थेंब मोटरच्या माथ्यावर पडतो. मोटरचा दांडा ज्या धातूच्या कड्यात फिरतो त्या वरच्या बुशातले वंगण त्याने धुऊन जाते, बुश गंजतो आणि मोटर धरते. हूवर कंपनीने १९४८ साली वेल्समधील मर्थर टिडफिलच्या कारखान्यात जे छोटे यंत्र काढले, त्यात पाणी घुसळणारी चकती टबाच्या बाजूच्या भिंतीत होती आणि कपडे पिळायला हाताने फिरवायचे रूळ होते. तिथे ही कटकटच नव्हती. पिळण्याचे काम मोटरकडे आल्यावर सीलला एवढे महत्त्व आले.

८ चा कंडेन्सर आजच काढा. कंडेन्सरची क्षमता मोटरच्या वेटोळ्यांशी जुळवलेली असते. ती वाढवली तर सुरुवातीला जोर आल्यासारखा वाटतो, परंतु सहायक वेटोळ्यातून जादा प्रवाह वाहून ते तापत राहते. तुम्हाला येणारा वास बहुधा त्याचाच आहे. ५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट, एवढेच सांगून घ्या. जुना हाताळण्यापूर्वी त्यात उरलेला विद्युतभार काढून टाका; प्लग काढला म्हणजे तो रिकामा झाला असे होत नाही.

आता अडखळण्याविषयी. कपलिंगचे बोल्ट सैल करून टब दांड्यासकट वर उचला. मग मोटर एकटी फिरवून पाहा. ती अजूनही जड असेल, तर बुश गेला. मोकळी फिरत असेल, तर अडथळा वर आहे. ड्रायरच्या आतल्या फिरत्या आणि बाहेरच्या स्थिर टबांमधल्या फटीत पायमोजा किंवा रुमाल अडकलेला मी अनेकदा काढला आहे. ब्रेकचा पट्टा सुटतो का, हेही त्याच वेळी पाहा, कारण झाकणाची तार ताणली गेली की तो अर्धवट चिकटून राहतो. स्प्रिंगांच्या टोप्या तिन्ही एकदम बदला, नाहीतर टब एका अंगाला कलून नवे सीलही लवकर घासेल.

सीलसाठी माप लिहून नेऊ नका, जुने सीलच पिशवीत घालून पुण्याच्या तपकीर गल्लीत न्या. दांड्याचा व्यास आणि बुडातल्या भोकाचा व्यास जुळला की झाले. कंपनीचे नाव विचारत बसू नका.

प्रतिसाद २

एक पुरवणी. या मशीनचे बूड खालून उघडे असते आणि उंदीर तिथूनच शिरून तारा व ड्रेन पाइप कुरतडतात. मागचे झाकण उघडलेच आहे, तर खाली बारीक लोखंडी जाळी बसवून घ्यावी. पत्र्याची बॉडी असेल तर अर्थिंगही तपासावे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टब वर काढला. फटीत मुलाचा शाळेचा रुमाल दांड्याला पीळ घालून बसला होता आणि सीलची चीर नेमकी त्याच बाजूला होती. रुमाल काढल्यावरही मोटर थोडी जड होती, म्हणून बुश बदलून घेतला. वेटोळी सुदैवाने शाबूत निघाली. नवे सील, ५ चा कंडेन्सर आणि तीन टोप्या बसवून काल दोन ओल्या चादरी पिळल्या. टब लगेच वेग घेतो आणि झाकण उघडताच दहाएक सेकंदांत थांबतो. मोटरच्या माथ्यावर कागद चिकटवून ठेवला होता, तो कोरडा निघाला. उंदरांची जाळी रविवारी बसवतो.