इंग्रजी वाक्यातले ‘फॉन’
जर्मन आडनाव इंग्रजीत लिहिताना त्यातील ‘फॉन’ (von, काही आडनावांआधी येणारा ‘-चा, -हून’ अशा अर्थाचा जर्मन शब्द) नेहमीच गाळावे, हे मत मला अपुरे वाटते. गटे, हुम्बोल्ट, बिस्मार्क ही सुटी आडनावे जर्मनप्रमाणे इंग्रजीतही ‘फॉन’विना रुळली आहेत; परंतु १९६० साली मार्शल अवकाश उड्डाण केंद्राचे संचालक झालेले रॉकेटतज्ज्ञ वेर्नहेर फॉन ब्राउन यांचा उल्लेख इंग्रजीत सहसा नुसता ‘ब्राउन’ असा होत नाही. शिवाय वाक्याच्या मध्ये त्यांच्या ‘फॉन’चा ‘व्ही’ लहान लिपीत येतो, आरंभी आला की मात्र तोच मोठा करावा लागतो. ही बारीक गोष्ट मुद्रितशोधनात हमखास निसटते, म्हणून ती आवर्जून नोंदवतो. उच्चारही बदलतो: जर्मन ‘फॉन’ इंग्रजी तोंडी ‘व्हॉन’ होतो.