पगारकपात आणि 'स्वेच्छा'

एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री सहायता निधीला दिला की झाली कर्मचाऱ्यांची समाजसेवा, असं काहीजण म्हणतात. पण तो स्वखुशीने दिलेला हवा ना! केरळात २०१८ च्या महापुरानंतर सरकारने महिन्याचा पगार मागितला, आणि ज्यांना द्यायचा नाही त्यांनी तसं लेखी कळवायचं. म्हणजे नकार देणाऱ्यांची आयती यादीच की! उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयानेही ती उठवली नाही.

त्यापेक्षा कचेरीतलं रक्तदान शिबिर बरं (साहेबांच्या वाढदिवसाचं सोडून). स्पंजचा चेंडू दाबत पडलेला शिपाई, शेजारच्या खाटेवर तहसीलदार, नंतर दोघांनाही तोच चहा-बिस्किट. आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरलं तर रक्तपेढीवाले साहेबांनाही परत पाठवतात.